प्रेसचा चौथा हिस्सा

"मॅडम, तुमचा सेफ खांब पुन्हा चिरला. पाहाले येता का?"

फोनवर वसंतराव देठे होते. लोहाऱ्याच्या एमआयडीसीत त्यांचं जिनिंग-प्रेसिंग आहे. 'सेफ' हा शब्द त्यांनी जरा सावकाश उच्चारला. शब्द त्यांचा नव्हता, माझा होता. मी त्यांना दिलेल्या रिपोर्टात तो जवळजवळ प्रत्येक पानावर होता. रिपोर्टाला स्पायरल बाइंडिंग होतं, आत रंगीत चित्रं होती आणि मुखपृष्ठावर पीएच.डी.सकट माझं पूर्ण नाव होतं.

"कुठला खांब?" मी विचारलं.

"तोच."

"तोच म्हणजे?"

"आता प्रेसले खांब चार हायेत जी. तुमाले कोणता पाह्यजे?"

हा प्रश्न मी रिपोर्ट लिहायच्या आधी विचारायला हवा होता. पण ते पुढे.

आधी माझं काम काय ते सांगते. मी यवतमाळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते. विषय सॉलिड मेकॅनिक्स. वस्तूवर जोर पडला की तिच्या आत काय चालतं, याचा हा अभ्यास. पाहुणा खुर्चीवर बसतो तेव्हा घरचे पाहुण्याकडे बघतात. आमच्या विषयाचा माणूस खुर्चीच्या पायाकडे बघतो. मोडेल का, कधी मोडेल, कुठून मोडेल. पूर्वी हे गणित कागदावर व्हायचं. आता वस्तूचं चित्र कॉम्प्युटरवर काढायचं, चित्राचे हजारो बारीक तुकडे पाडायचे आणि प्रत्येक तुकड्यावर किती ताण येतो ते कॉम्प्युटरला काढायला लावायचं. तुकड्यांच्या त्या जाळीला मेश म्हणतात. शेवटी रंगीत चित्र येतं. निळं म्हणजे आराम, लाल म्हणजे धोका. चित्र इतकं सुंदर दिसतं की ते चुकीचं असेल असं मनातसुद्धा येत नाही. माझी पीएच.डी. यातली आहे.

शिवाय मी याद्या करणारी बाई आहे. किराण्याची यादी, लॅबच्या सामानाची यादी, कोणत्या याद्या करायच्या राहिल्या त्यांची यादी. साइटवर जाताना माझ्याकडे छापील प्रश्नावली असते. लोखंड कोणतं, प्लेट किती जाड, तेलाचं प्रेशर किती, वेल्ड किती मिलिमीटरचा. देठेंकडे पहिल्यांदा गेले तेव्हा सगळे प्रश्न विचारले, सगळ्यांपुढे टिक केली आणि समाधानाने परत आले. कोणत्या बाजूचा खांब चिरतो, हा प्रश्न त्यात नव्हता. माझ्या पद्धतीत त्याची गरजच नव्हती.

आता ती पहिली भेट.

कापसाची वाईट वर्षं होती ती. यवतमाळचं नाव रोज पेपरात यायचं आणि चांगल्या कारणासाठी यायचं नाही. आवक घटली होती. एमआयडीसीतल्या काही जिनिंगांना कुलूप लागलं होतं. देठेंचं अजून चालू होतं, पण त्यांचा प्रेस चिरत होता.

प्रेस म्हणजे काय ते सांगायला हवं. कापसातून सरकी काढली की उरते ती रुई. रुई इतकी फुगीर असते की तशीच ट्रकमध्ये भरली तर ट्रकभर हवाच जाईल. म्हणून ती एका लोखंडी पेटीत भरतात आणि खालून रॅमने दाबतात. रॅम म्हणजे तेलाच्या दाबावर वर सरकणारा जाडजूड दांडा. दाबून पट्ट्या बांधल्या की गाठ तयार झाली. रॅम खालून ढकलतो, वरची जाड तुळई त्याला अडवते, आणि वरची व खालची तुळई एकमेकींपासून सुटू नयेत म्हणून चार कोपऱ्यांना चार खांब. म्हणजे घराच्या खांबासारखे हे खांब दबत नाहीत, ते ताणले जातात. दर गाठीला एकदा ताण, एकदा सैल. दिवसभर हेच.

हा प्रेस देठेंनी उमरखेडच्या एका बंद पडलेल्या जिनिंगमधून जुना उचलून आणला होता. काही हंगाम नीट चालला. मग एका खांबाच्या बुडाशी, जिथे तो खालच्या तुळईला वेल्ड केला आहे तिथे, केसाएवढी चीर आली. रफीकभाईंनी ती खोदून पुन्हा वेल्ड भरला. थोड्याच दिवसांत चीर परत आली. तेव्हा मला बोलावणं आलं.

रफीकभाईंचं लोहाऱ्यात फॅब्रिकेशनचं दुकान आहे. त्यांचे वडील बैलगाडीच्या चाकांना लोखंडी धावा बसवायचे, हे जिनिंगची मशीनं दुरुस्त करतात. आवाज मोठा, मत त्याहून मोठं. उन्हाळ्यात जिनिंग बंद असतात, तेव्हा आसपासच्या सगळ्या जिनिंगांची डागडुजी त्यांच्याकडे असायची. दुकान त्यावरच चालायचं.

"मॅडम, लिहून घ्या," मी प्रश्नावली उघडायच्या आतच ते म्हणाले. "लोखंडच सडेल हाय. शेठनं उमरखेडचं भंगार उचलून आनलं. त्याच्यावर कोनी बी वेल्ड मारू द्या, टिकत नाही."

"लोखंडाले कायले बोल लावतं बे?" देठे म्हणाले. "तुया चष्म्याचा नंबर वाढला. वेल्ड दिसत नाही तुले आता."

"माया वेल्डवर पूरी एमआयडीसी उभी हाय, शेठ!"

"म्हनूनच वाकडी दिसते काय?"

मी लोखंडाची चाचणी करून घेतली. लोखंड उत्तम निघालं. रफीकभाईंचं मत तिथेच पडलं. उरलं देठेंचं. आणि माझं, जे अजून कॉम्प्युटरमधून यायचं होतं.

आता माझी पद्धत. प्रेस डावीउजवीकडे सारखा आहे, पुढेमागेही सारखा आहे. अशा वस्तूला सिमेट्री आहे असं म्हणतात. मग अख्ख्या प्रेसचं मॉडेल करायचं कशाला? मधोमध दोनदा कापायचं, एक कोपरा ठेवायचा आणि कॉम्प्युटरला सांगायचं की उरलेले तीन कोपरे असेच समज. वेळ वाचतो, मेमरी वाचते, आणि आपण हुशार आहोत असं वाटतं. ही युक्ती जगभर वापरतात. मी ती दरवर्षी शिकवते, आणि शिकवताना माझा चेहरा कसा होतो याची पोरं मागच्या बाकावर नक्कल करतात.

चित्र घेऊन मी देठेंच्या ऑफिसात गेले. एक खांब, तुळईचा एक तुकडा, रॅमचा पाव भाग. सगळं निळं, बुडाशी थोडं हिरवं.

"बाकीचा प्रेस कुठी हाय?" देठेंनी विचारलं.

"बाकीचा असाच आहे."

"म्हंजे चार खांबांतून एकच पाह्यला?"

"एक पाहिला की चारही पाहिले. याला सिमेट्री म्हणतात."

"वा," देठे म्हणाले. "बढिया हाय हे."

त्यांच्यावर छाप पडली. माझ्यावर आधीच पडली होती.

पण मी नुसत्या चित्रावर विश्वास ठेवणारी नाही. मी प्रत्यक्ष मोजमापही केलं. त्यासाठी स्ट्रेन गेज असतो. नखाएवढी पातळ पट्टी. ती लोखंडावर चिकटवायची. लोखंड ताणलं गेलं की पट्टीही ताणली जाते, तिच्यातून जाणारी वीज किंचित बदलते, आणि त्यावरून लोखंडाला किती ताण बसला ते कळतं. कॉलेजच्या लॅबमध्ये असे मोजकेच गेज होते. ते चारही खांबांना वाटण्यापेक्षा एकाच खांबाच्या चारही अंगांना लावले तर काम पक्कं होईल, असा मी विचार केला. खांब तर सगळे सारखेच.

मग सोयीचा निवडला. प्रेसच्या रस्त्याकडच्या बाजूला रुई उडत होती, बाया भारे घेऊन ये-जा करत होत्या, नाकातोंडात तंतू जात होते. पलीकडची, आवारातल्या विहिरीकडची बाजू मात्र शांत होती. स्वच्छ. शेजारी प्लग होता. कुणीतरी मला खुर्चीसुद्धा आणून दिली. मी विहिरीकडचा खांब निवडला.

गाठी दाबल्या गेल्या, आकडे आले. कॉम्प्युटरने सांगितलं त्याहून बरेच कमी होते. गणित जास्त सांगतं आणि प्रत्यक्षात कमी निघतं, याला आमच्याकडे कन्झर्वेटिव्ह म्हणतात. म्हणजे आपण सुरक्षित बाजूला. असा निकाल आला की आम्ही लोक चहा मागवतो.

आमचे एच.ओ.डी. सर फार खूश झाले. "मॉडेलही आहे, प्रत्यक्ष मोजमापाचं व्हॅलिडेशनही आहे! मॅडम, यावर कॉन्फरन्स पेपर होईल."

"आधी रिपोर्ट देते, सर."

"द्या, द्या. आणि पेपरात माझं नाव विसरू नका."

रिपोर्टात मी लिहिलं: खांबाची रचना सेफ आहे. लोखंड योग्य दर्जाचं आहे. ताण मर्यादेत आहे. सबब चीर पडण्याचं संभाव्य कारण, वेल्डिंगचा दर्जा. या शेवटच्या वाक्यावर मी थांबले नाही. बाकी सगळ्यावर टिक झाली होती, वेल्ड तेवढा उरला होता.

ते एक वाक्य रिपोर्टातून एमआयडीसीच्या गेटवरच्या चहाच्या टपरीवर माझ्या कल्पनेपेक्षा लवकर पोचलं. देठेंनी ते तिथे सांगितलं आणि सांगताना 'संभाव्य' हा शब्द गाळला. कॉम्प्युटरनं पाह्यलं, रफीकचा वेल्ड कच्चा हाय. बाकीच्या जिनिंगवाल्यांनी उन्हाळ्याच्या कामाबद्दल रफीकभाईंना सांगितलं, "पाहू, थांबा जरा." देठेंनी नागपूरहून सर्टिफिकेटवाला वेल्डर आणला. त्याने हेल्मेट घालून, लोखंड आधी तापवून, अगदी पुस्तकात लिहिलं आहे तसा वेल्ड मारला. त्याचा फोटो मी पुढच्या वर्षी पोरांना दाखवायला काढून ठेवला.

तोच वेल्ड आता चिरला होता. त्याचाच हा फोन.

मी पोचले तेव्हा रफीकभाई प्रेसपाशी हाताची घडी घालून उभे होते. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. ते बघायला आले होते.

"आता कोनाले आनता मॅडम?" ते म्हणाले. "नागपूरवाल्याचा बी फाटला. दिल्लीवाला पाहून ठेवला काय?"

"रफीकभाई, मी तपासते पुन्हा."

"तुमी तपासा. तुमचं काय जाते?" आवाज एकदम खाली आला, आणि तोच जास्त लागला. "गेल्या साली याच दिवसात माह्याकडं सगळ्या जिनिंगच्या उन्हाळी कामाची लाइन लागली होती. यंदा एक जन बोलावून नाही राह्यला. दुकान बंद करतो अन् मुकुटबनकडं कोन्या साइटवर दुसऱ्याच्या हाताखाली वेल्डिंग मारतो. या वयात."

बोलण्यासारखं माझ्याकडे एकच होतं, आणि ते स्पायरल बाइंडिंगमध्ये होतं.

कॉलेजात परत आले. एच.ओ.डी. सरांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"नागपूरचा वेल्डरही खराबच असेल," ते म्हणाले.

"सर, दोन्ही वेल्डर खराब?"

"शक्य आहे. नाहीतर मेश बारीक करून बघा."

आमच्या धंद्यात काही सुचेनासं झालं की माणूस मेश बारीक करतो. तुकडे आणखी लहान, आणखी जास्त. मीही केला. मॉडेल चालायला आता तासन्‌तास लागायला लागले आणि यवतमाळात तेव्हा भारनियमन जोरात होतं. गणित शेवटाला येई आणि लाइट जाई. लॅबचा इन्व्हर्टर पंखे आणि एच.ओ.डी. सरांची केबिन एवढंच ओढायचा. पुन्हा पहिल्यापासून. शेवटी एकदाचं उत्तर आलं. आधीचंच होतं, फक्त दशांश चिन्हानंतर आकडे जास्त होते. मी चुकीचं उत्तर आता अधिक अचूकपणे काढलं होतं. पण हे मला तेव्हा कळलं नव्हतं. मला वाटलं, मॉडेल पक्कं झालं. मी वेल्डच्या दोषांवर वाचायला पुस्तकं काढली.

त्याच आठवड्यात फर्स्ट इयरचे युनिट टेस्टचे पेपर तपासायला आले. दुपारी डिपार्टमेंटमध्ये बसून मी तपासत होते. एक सोपा प्रश्न होता. एक तुळई, दोन टेकू, वर शंभरचा भार, पण मधोमध नाही, एका बाजूला सरकलेला. दोन्ही टेकूंवर किती किती येतो? एका पोराने एका टेकूवर तीस काढला होता आणि दुसऱ्यावरही तीसच. दुसरा त्याने काढलाच नव्हता. दोन्ही टेकू दिसायला सारखे, म्हणून पहिल्याचं उत्तर खाली उतरवलं होतं.

मला अशा गोष्टींचा फार राग येतो. मी लाल पेनाने मोठ्या अक्षरात लिहिलं: 'उरलेले चाळीस गेले कुठे?' आणि पुढचा पेपर ओढला.

तो उघडला नाही.

विहिरीकडच्या खांबाने त्याच्या वाट्यापेक्षा बराच कमी ताण घेतला होता. मी त्याला कन्झर्वेटिव्ह म्हणाले होते आणि चहा मागवला होता. पण प्रेसचा एकूण भार तेलाच्या प्रेशरवर ठरतो, आणि ते प्रेशर मी स्वतः मोजून रिपोर्टात लिहिलं होतं. भार कमी झालेला नव्हता. एक खांब कमी घेत असेल तर दुसरा कुणीतरी जास्त घेत होता. हे समजायला पीएच.डी. लागत नाही. युनिट टेस्टच्या पहिल्या प्रश्नाइतकीच समज पुरते, तीही पास होण्यापुरती.

आणि माझ्या मॉडेलला हे कधीच कळलं नसतं. मी त्याला आधीच सांगून ठेवलं होतं की चारही कोपरे सारखे. मग त्याला विचारलं, काही कमीजास्त आहे का? तो म्हणाला, नाही. मेश मी कितीही बारीक केला असता तरी तो नाहीच म्हणाला असता. बिचारा सांगितल्या शब्दाला जागत होता.

मी त्या पोराला एक मार्क वाढवून दिला. का दिला, ते त्याला अजून माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी गेज घेऊन लोहाऱ्याला गेले. आधी रफीकभाईंच्या दुकानात.

"रफीकभाई, चीर दरवेळी कोणत्या खांबाला आली?"

"कोन्या म्हंजे? रस्त्याकडच्या. दर डाव तिकडच्या मागच्याच."

"विहिरीकडच्या कधीच नाही?"

"नाही."

"मग मला आधी सांगितलं का नाही?"

"तुमी इचारलं काय? अन् त्यात सांगाचं काय हाय? रस्त्यानं ट्रक जातेत, धक्का बसते, म्हनून तिकून चिरते. कोनाले बी समजते."

ट्रकचा धक्का प्रेसच्या खांबाला चिरा पाडू शकत नाही. पण त्या दिवशी मी कुणाच्या थिअरीवर हसायच्या स्थितीत नव्हते. मी म्हटलं, "चला माझ्यासोबत. खांबाचा रंग खरवडून द्या, गेज चिकटवायचा आहे. आज रस्त्याकडे."

"माहा वेल्ड तपासाले माह्याच हातानं?" ते म्हणाले. पण ग्राइंडर उचललं.

या वेळी खुर्ची नव्हती. रुई डोळ्यात जात होती, बाया "सरका जी मॅडम" म्हणत अंगावरून जात होत्या. गेज लावला, पहिली गाठ दाबली गेली, आणि मीटरवरचा आकडा बघून मी आधी वायर तपासली. वायर ठीक होती. दुसरी गाठ, तोच आकडा. रस्त्याकडचा खांब विहिरीकडच्यापेक्षा दुपटीहून जास्त ताणला जात होता.

पण का? खांब सारखे, तुळई सारखी, रॅम मधोमध. मी नुकत्याच निघालेल्या गाठीवर कागद पसरून लिहायला लागले. कुणीतरी चहा आणला आणि ग्लास शेजारी ठेवला. ग्लास हळूहळू माझ्याकडे सरकायला लागला. मी तो पकडला, परत ठेवला. परत सरकला.

गाठ तिरपी होती. एका बाजूला उंच, दुसऱ्या बाजूला बसकी. मी मान वर करून पलीकडची थप्पी पाहिली. सगळी थप्पी एकीकडे झुकलेली होती, सभेला कंटाळलेल्या माणसांसारखी.

देठे तेवढ्यात आले होते. मी विचारलं, "वसंतराव, गाठी अशा तिरप्या का?"

"यंदा तशाच येऊन राह्यल्या जी. वजनात बराबर भरते, मंग कोन पाह्यते?"

"पूर्वी सरळ यायच्या?"

"पूर्वी कापूस होता मॅडम," ते म्हणाले. "तवा दोन्हीकून भरत होतो. आता कापूसच नाही तं अर्धी मशीनं बंद. विहिरीकडची खोली बंदच करून टाकली."

आणि मग सगळं त्यांनीच दाखवलं, आपण काही महत्त्वाचं सांगतोय हे माहीत नसताना. प्रेसच्या दोन बाजूंना दोन खोल्या. सरकी काढलेली रुई दोन्हीकडे साठायची आणि दोन्हीकडून बाया ती पेटीत ढकलायच्या. पेटी आपोआप सारखी भरायची. पीक बुडालं, तशी विहिरीकडची मशीनं थांबली, तिकडच्या बाया घरी बसल्या. आता सगळी रुई एका बाजूनेच पेटीत पडत होती. रस्त्याकडे गच्च, विहिरीकडे पोकळ. रॅम अशी गाठ दाबायचा तेव्हा गच्च बाजू आधी आणि जास्त विरोध करायची. सगळा जोर रस्त्याकडच्या खांबांवर.

प्रेस जास्त कामाने चिरत नव्हता. कमी कामाने चिरत होता.

आणि विहिरीकडची ती शांत, स्वच्छ बाजू, जिथे मला खुर्ची मिळाली होती, ती शांत का होती याचा मी एकदाही विचार केला नव्हता.

कॉलेजात जाऊन अख्ख्या प्रेसचं मॉडेल केलं. चारही खांब, पूर्ण तुळई, आणि भार एका बाजूला सरकवलेला. लाइट जाईल म्हणून रविवारी चालवलं. रस्त्याकडच्या खांबांच्या बुडाशी, बरोबर वेल्डच्या कडेला, लाल ठिपका आला. पुन्हापुन्हा ताण-सैल होणाऱ्या जोडाचं एक गणित असतं: ताण दुप्पट झाला तर आयुष्य निम्मं होत नाही, साधारण आठव्या हिश्श्यावर येतं. तिथे कुणीही वेल्ड मारला असता तरी तो फाटलाच असता. नागपूरवाल्याचा फाटला. रफीकभाईंचा फाटला. माझं पाठ्यपुस्तक उभं केलं असतं तर तेही फाटलं असतं.

चित्र घेऊन देठेंकडे गेले. या वेळी त्यांना अख्खा प्रेस दिसला.

"मंग आता? नवा प्रेस घ्या म्हनता काय?"

"नाही. विहिरीकडच्या बायांपैकी दोघींना परत बोलवा. त्यांनी तिकडून रुई ओढून पेटी दोन्हीकडे सारखी करायची, मगच रॅम चालवायचा. गाठ सरळ आली पाहिजे. आणि चिरलेल्या जागी वेल्ड भरून वर जाड लोखंडाची त्रिकोणी आधारपट्टी."

"एवढंच?"

"एवढंच."

"अन् याच्यासाठी तुमी कॉम्प्युटर लावला?"

"आधी वेगळ्याच गोष्टीसाठी लावला होता," मी म्हटलं.

देठेंनी बायांना निरोप धाडला. राहिला वेल्ड. तो करायला रफीकभाईंनी होकार दिला, पण एका अटीवर.

"माह्यं नाव शेठच्या ऑफिसात नाही गेलं," ते म्हणाले. "टपरीवर गेलं. तुमी टपरीवर या. त्या लॅपटॉपसकट."

मी गेले. सकाळची वेळ होती, जिनिंगवाले, ट्रकवाले, स्पेअर पार्टवाले सगळे होते. रफीकभाईंनी एक बाकडं पुसून दिलं. त्यावर लॅपटॉप ठेवला आणि मी सांगायला लागले. सिमेट्री सांगितली, मेश सांगितला, एका बाजूला सरकलेला भार सांगितला. लोक चहा पीत ऐकत होते आणि कुणालाच काही कळत नव्हतं, हे मला दिसत होतं. वर्गातला बराच अनुभव आहे मला.

मग मी लॅपटॉप बंद केला आणि म्हटलं, "रफीकभाईंचा वेल्ड चांगला होता. कुणाचाही टिकला नसता. चूक माझ्या गणितात होती. माझं गणित अर्धवट होतं."

"अर्धवट नाही मॅडम," मागून देठे म्हणाले. "पाव."

टपरी हसली. रफीकभाई सगळ्यात मोठ्याने हसले. हसून झाल्यावर ते शेजारच्या जिनिंगवाल्याकडे वळले आणि म्हणाले, "ऐकलं ना? मंग कन्व्हेयर खोलाचा कवा?" त्याने तारीख सांगितली. त्याच्या बाजूचाही काहीतरी बोलला. मग ते आपसात बोलायला लागले आणि माझ्याकडे कुणाचं लक्ष राहिलं नाही. मी चहा संपवून निघाले.

देठेंचा प्रेस तो हंगाम आणि पुढचे कितीतरी हंगाम चालला. गाठी सरळ यायला लागल्या. रफीकभाईंचं दुकान आहे तिथेच आहे आणि त्यांचा आवाजही. लोखंड सडेलच होतं, असं ते अजून म्हणतात. एच.ओ.डी. सरांनी कॉन्फरन्स पेपर केलाच. विषय, एकांगी भारामुळे प्रेसच्या खांबांत येणारा ताण. नाव त्यांचं पहिलं. पहिल्या रिपोर्टाचा त्यात उल्लेख नाही, आणि या बाबतीत मी सरांशी मुळीच वाद घातला नाही.

यातून शिकायचं ते थोडकं आहे. सिमेट्रीची युक्ती चांगलीच आहे. मी ती अजून शिकवते. फक्त यंत्र सारखं आहे म्हणजे त्याच्यावर पडणारं ओझंही सारखं आहे, असं समजू नये. आणि मोजायला सोयीची जागा निवडताना ती सोयीची का आहे, ते आधी कुणाला तरी विचारावं.

मी स्वतः आता पहिल्यांदा अख्ख्या यंत्राचंच मॉडेल करते. ते चालायला फार वेळ लागतो. तेवढ्या वेळात साइटवर जाऊन यंत्राभोवती एक चक्कर मारून येणं होतं, आणि बहुतेकदा उत्तर तिथेच सापडतं, म्हणून परत आल्यावर मॉडेल मध्येच बंद करावं लागतं.